मैदानात खेळाडू कोसळला तर: आचके ओळखा, छाती दाबा, माइक सांभाळा

कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा, तोंडावर पाणी मारा. टेनिस बॉलच्या स्पर्धेत किंवा जत्रेतल्या कुस्तीच्या फडात एखादा पोरगा अचानक पडला की हे सल्ले सगळ्यांच्या आधी धावत येतात. एकाचाही उपयोग नाही आणि प्रत्येकापायी वेळ जातो. हृदय बंद पडलेलं असेल, तर छाती न दाबता गेलेल्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

पट्ट्या, बर्फ, पाणी हे आयोजक ठेवतातच, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त मैदानाचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून माइकच्या टेबलावर चिकटवा: गाव, तालुका, शाळेचं नाव, कोणत्या फाट्यावरून आत वळायचं. आणि गेटच्या तोंडाशी मोटारसायकली लावू देऊ नका.

ओळखणं, म्हणजे खरी अवघड जागा

बहुतेक मैदानांवर घोटाळा इथेच होतो. हृदय बंद पडलेला माणूस लगेच शांत, निपचित पडतो असं लोक धरून चालतात. तसं होतंच असं नाही. सुरुवातीला काही सेकंद हातपाय झटकले जाऊ शकतात, डोळे उघडे राहू शकतात. मग कोणीतरी ओरडतं, "फेफरं आलंय!" आणि चमचा, कांदा, चप्पल यांची शोधाशोध सुरू होते.

दुसरी फसगत श्वासाची. पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखा तोंड उघडून, थांबून थांबून, घरघर करत हवा ओढणं म्हणजे श्वास नव्हे. ते आचके आहेत. "श्वास चालू आहे, थांबा जरा" हे वाक्य अशा वेळी सर्वांत घातक. आचके दिसले म्हणजे वाट बघायची नाही, दाबायला लागायचं.

तपासणी इतकीच: दोन्ही खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही? मग छाती-पोटाकडे बघा, १० सेकंदांपेक्षा जास्त नाही. नेहमीसारखी संथ वरखाली होत नसेल, तर हृदय बंद आहे असंच धरा. नाडी शोधू नका. सराव नसलेल्याला ती धड माणसाचीही पटकन सापडत नाही, आणि गडबडीत स्वतःच्याच बोटातले ठोके त्याचे वाटतात. खात्री नसेल तरी दाबा. चालू हृदयावर थोडा वेळ दाबलं गेलं तर सहसा मोठी इजा होत नाही, बंद हृदयावर न दाबलं तर माणूस जातो.

चेंडू छातीवर बसून एक-दोन पावलांत कोसळलेला खेळाडू म्हणजे तर शंकाच नको. ठोक्यांच्या मधल्या एका नेमक्या क्षणी फटका बसला, तर निरोगी हृदयाचीही लय बिघडते. २ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकन फुटबॉलचा डमार हॅमलिन टक्कर झाल्यावर उठून उभा राहिला आणि लगेच कोसळला, तो यामुळेच. तिथल्या तिथे छाती दाबली, शॉक दिला, म्हणून तो वाचला.

दाबणं

पाठीवर झोपवा. छातीच्या मध्यभागी, हाडाच्या खालच्या अर्ध्यावर एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. लोक घाबरून हलकं दाबतात, त्याने रक्त पुढे जात नाही. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका. दर २ मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेल्याचा दाब उथळ होतो आणि ते त्याचं त्याला कळत नाही. तोंडाने श्वास देण्याचं शिक्षण नसेल तर नुसतं दाबत राहा.

कुस्तीच्या हौदात एक वेगळी अडचण. ती माती तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली असते. दाब छातीवर न बसता पाठ खाली रुतते. चौघांनी उचलून हौदाबाहेर कठीण जमिनीवर घ्या, पण त्यात १० सेकंदांहून जास्त घालवू नका.

एईडी, म्हणजे शॉक देणारं यंत्र, जवळ असेल तर आणताक्षणी चालू करा. पुढचं ते बोलून सांगतं.

रुग्णाला जीपच्या मागच्या सीटवर कोंबून तालुक्याला पळवणं हा आपल्याकडचा आवडता उपाय, आणि वाईट उपाय. सीटवर छाती दाबता येत नाही. १०८ ची गाडी येईपर्यंत जागेवरच दाबा. गाडी फारच लांब आहे असं १०८ वरूनच कळलं, तर सपाट फाळक्याचा पिकअप घ्या आणि वाटभर दाबणं चालू ठेवा.

माइक

मैदानावरची सगळ्यात मोठी ताकद कॉमेंट्री करणाऱ्याच्या हातात असते. हलगी आणि गाणी ताबडतोब बंद करायला लावा, नाहीतर १०८ वरची सूचना ऐकू येणार नाही. मग नावं घेऊन कामं सांगा. "कोणीतरी फोन करा" म्हटलं की कोणीच करत नाही. एकाने फोन स्पीकरवर ठेवायचा, एकाने मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभं राहायचं, गर्दीत डॉक्टर किंवा नर्स असेल तर पुढे बोलवायचं. मार्च २०१२ मध्ये लंडनला सामन्यात फुटबॉलपटू फॅब्रिस मुआंबा कोसळला, तेव्हा प्रेक्षकांतला हृदयरोगतज्ज्ञच मैदानात उतरला होता. मुआंबाचं हृदय ७८ मिनिटं बंद होतं आणि तो जगला. म्हणून माइकवरून "गेला" हा शब्द कधीही उच्चारू नका.

कॅमेरा

यूट्यूबवर लाइव्ह चालू असेल तर पोराचा भाऊ पुण्यात कंपनीत बसून बघत असतो, आई घरी बघत असते. कॅमेरा लगेच स्कोअरबोर्डकडे वळवा, मैदानाचा आवाज बंद करा, रिप्ले अजिबात नको. लाइव्ह एकदम तोडूही नका, काळ्या पडद्याने घरचे जास्त हादरतात. एकच ओळ द्या: "खेळाडूला त्रास झाला आहे, उपचार सुरू आहेत, सामना थांबवला आहे." नाव घरच्यांना फोन केल्याशिवाय नाही, कारण तर नाहीच. नंतर रेकॉर्डिंगमधला तो भाग कापून टाका. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन सामन्यात कोसळला, तेव्हा उपचारांची दृश्यं जगभर दिसत राहिली आणि बीबीसीला माफी मागावी लागली. त्याच्या सहकाऱ्यांनी मात्र पाठी करून कडं केलं होतं. तसं कडं आपल्या खेळाडूंकडून करून घ्या, तोंडं बाहेरच्या बाजूला.

ऊन लागलं असेल तर

अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, तोल जातोय, पण श्वास नीट आहे, तर ते वेगळं. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे हे जास्त. १०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत घ्या, कपडे काढा, ड्रमभर पाणी ओता, रसवंतीवरचा बर्फ मानेला, काखेत, जांघेत लावा, वारा घाला. आधी थंड करा, मग हलवा. भान नीट नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको, ते फुप्फुसात जातं.

कबड्डीत किंवा कुस्तीत मानेवर पडलेल्याला हातपाय धरून उचलू नका. डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा. श्वास थांबला, तर मात्र छाती दाबणं आधी.

स्कोअररकडे घड्याळ आणि पेन दोन्ही असतात. खेळाडू कधी पडला, दाबणं कधी सुरू झालं, शॉक किती दिले, छातीला चेंडू लागला होता का, हे त्याने कागदावर लिहायचं आणि कागद १०८ मधल्या डॉक्टरच्या हातात द्यायचा.