ऑटिझमसाठी थेरपी निवडताना या चुका टाळा

निदान नुकतंच झालेल्या पालकांचे मला फोन येतात. पहिला प्रश्न बहुधा ठरलेला: "सगळ्यात चांगली थेरपी कोणती?" मी उलट विचारते, "तुमच्या लेकराला आत्ता सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?" यावर बरेच जण गप्प होतात. झोप लागत नाही, गोंगाट सोसत नाही, हवं ते सांगता येत नाही, यातलं जे असेल ते आधी नीट ओळखा. एबीए (वागणं शिकवणारी बिहेविअर थेरपी), ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं आणि स्पर्श-आवाज सोसणं यावर काम करणारी) की स्पीच (बोलण्या-संवादाची थेरपी) हा प्रश्न त्यानंतरचा. माझा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे आणि खाली लिहिलेल्यातल्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्या आहेत.

सगळं एकदम सुरू करणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघते आणि तिचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

मुलगा तीन वर्षांचा असताना निदान झालं. पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही स्पीच, ओटी, बिहेविअर थेरपी सुरू केली, घरात त्याचं गहू-दूध बंद केलं आणि कुणीतरी सुचवलेली एक पावडरही चालू केली. दीड महिन्याने तो दोन-तीन नवे आवाज काढायला लागला. जो तो म्हणाला, हे आमच्यामुळे. मग तो अचानक स्वतःचं मनगट चावायला लागला, रात्री दोनदोन तास किंचाळायचा. बिहेविअरवाल्यांनी तास वाढवायला सांगितले, ओटीने झोका आणि जड पांघरूण सुचवलं, आहार सांगणाऱ्यांनी घरात कुठूनतरी गहू पोटात जात असणार असं ठरवलं. आम्ही तिन्ही केलं. सात आठवडे गेले. शेवटी दाताच्या डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं, तर मागची दाढ आतून किडलेली. उपचार झाले आणि चार दिवसांत चावणं थांबलं.

त्याला दुखत होतं आणि सांगता येत नव्हतं. पाच गोष्टी एकदम चालू असल्यामुळे आमच्यापैकी कुणालाच ते दिसलं नाही. तेव्हापासून वागणं अचानक बिघडलं की मी आधी दात, कान, पोट, झोप तपासून घेते. बद्धकोष्ठता तर हमखास विसरली जाते.

आता माझा नियम: एका वेळी एकच नवी गोष्ट, किमान आठ आठवडे, आणि ती सुरू करायच्या आधी दोन आठवडे वहीत नोंदी. वहीत "आज दिवस चांगला गेला" असं लिहायचं नाही. स्वतःहून किती वेळा काही मागितलं, किती तास झोपला, किती वेळा चावलं, एवढंच. कारण मूल तसंही वाढत असतं आणि आशेने बघणाऱ्या डोळ्यांना वाढ लगेच दिसते. 1998 मध्ये सिक्रेटिन नावाच्या हार्मोनमुळे तीन मुलांमध्ये फरक पडल्याचं प्रसिद्ध झालं आणि पालकांची रीघ लागली. 1999 मध्ये नीट चाचणी झाली, काही मुलांना सिक्रेटिन दिलं आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, जवळपास सारखीच. त्यातले पालक खोटं बोलत नव्हते, मुलं खरंच थोडी पुढे गेली होती, पण इंजेक्शनमुळे नाही.

"पण वाट बघायला वेळ कुठे आहे?" असं मला ऐकवलं जातं. मदत लवकर सुरू करावी हे अगदी खरं. त्यासाठी आठवडाभरात पाच ठिकाणी नाव घालावं लागत नाही. तीन वर्षांच्या मुलाला झोप आणि निवांत खेळही लागतो.

"चित्रं दिली तर तो बोलणारच नाही"

या भीतीपायी आमचं दीड वर्ष गेलं. एका जाणत्या समजल्या जाणाऱ्या व्यक्तीने सांगितलं होतं, कार्डं देऊ नका, आळस येईल. आम्ही ऐकलं. माझा मुलगा दारावर डोकं आपटायचा आणि आम्ही "बोल, बोल" म्हणत समोर बसायचो.

चित्रकार्डं देऊन मागायला शिकवण्याची पेक्स ही पद्धत 1985 पासून आहे. चित्रं, खुणा किंवा बोलणारं उपकरण दिल्याने बोलणं खुंटतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. काही मुलांचं बोलणं थोडं वाढलेलंच दिसतं. पाचव्या वर्षी त्याने "बाहेर"चं कार्ड माझ्या हातात ठेवलं. मी त्या क्षणी चपला घातल्या. दारावर डोकं आपटणं महिनाभरात जवळजवळ बंद झालं. तोंडाने शब्द सातव्या वर्षी आले, मोजकेच. कार्डं आजही दाराशेजारी लटकलेली असतात.

तासांचा हिशेब

"आठवड्याला चाळीस तास" हा आकडा अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या बिहेविअर थेरपीवरच्या 1987 च्या अभ्यासामुळे पसरला. त्यात एवढी थेरपी मिळालेली मुलं 19 होती, त्यातली 9 साधारण शाळेत इतरांसारखी शिकू लागल्याचं त्यांनी मांडलं, पण कोणतं मूल कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. एवढ्यावरून स्वतःला अपराधी मानू नका. ब्रिटनमधल्या पॅक्ट पद्धतीत थेरपिस्ट पालकांसोबत त्यांच्याच खेळण्याचे व्हिडिओ बघतात आणि मुलाशी संवाद कसा साधायचा ते पालकच शिकतात. तासांची संख्या विचारण्याआधी, तासाभरात काय होतं ते बसून बघा.

बाकीच्या, थोडक्यात

"पूर्ण बरा करतो" म्हणणाऱ्याकडून उठून या. शरीरातले धातू काढण्याच्या चिलेशनमध्ये 2005 साली अमेरिकेत पाच वर्षांच्या मुलाचा जीव गेला. मुलाला जास्त दाबाच्या ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये ठेवण्याचंही नाव काढू नका.

औषध म्हणजे थेरपीला पर्याय नाही. रिस्पेरिडोन आणि अरिपिप्राझोल या औषधांना ऑटिझममध्ये अमेरिकेत मान्यता आहे ती चिडचिडीसाठी. ती घ्यायची की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

ध्येयांच्या यादीत पहिलंच "नजरेला नजर" किंवा "हात हलवणं बंद" असेल तर मी यादी बदलायला लावते. हात हलवून तो स्वतःला शांत करतो.

पालकांना आत बसू देत नसतील तर तिथे नाव घालू नका.

मूल रोज दारातच रडत असेल तर "सवय होईल" हे उत्तर तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालवून घेऊ नका.

आणि थेरपी थांबवायची कधी, हे कुणी ठरवतच नाही. मी पहिल्याच दिवशी विचारते, "हे जमत नाहीये, असं आपण कशावरून आणि कधी म्हणायचं?" एका ठिकाणी या प्रश्नाचा राग आला. दुसऱ्या ठिकाणी ताईंनी कागद ओढला, तीन गोष्टी लिहिल्या आणि खाली तारीख टाकली. गेली सहा वर्षं आम्ही त्यांच्याकडेच जातो.