फिफ्टी घेतली तरी फोटो बरे का येईनात? लेन्सच्या बाबतीत या चुका टाळा

दिवाळीचे सेल संपले की पंधरा दिवसांत मेसेज यायला लागतात. "दादा, सगळे म्हणतात म्हणून ५० एमएम एफ १.८ घेतली, पण फोटो शार्प येत नाहीत, लेन्स फॉल्टी आहे का?" सोबत एक फोटो, ज्यात मुलीच्या कानातलं झुमकं एकदम टकाटक आणि डोळे धूसर. बहुतेक वेळा ही ५० एमएमवाली "फिफ्टी" लेन्स ठणठणीत असते हो. (एमएमचा आकडा म्हणजे फोकल लेंथ, तो जितका मोठा तितकं फ्रेममध्ये कमी मावतं; एफचा आकडा म्हणजे अपर्चर, लेन्सच्या आतलं भोक, आकडा लहान तितकं भोक मोठं आणि मागचं जास्त धूसर.) त्याच त्याच चुका बघून आणि तीच तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा होईन.

दुसऱ्याची आवडती लेन्स उचलून आणणे

कुठलाही फोटोग्राफर त्याच्या लाडक्या लेन्सबद्दल बोलायला लागला की ऐकायला मजा येते, मला पण येते, पण तो का बोलतोय ते कोणी ऐकतच नाही, फक्त नाव आणि किंमत लिहून घेतात. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर बहुतेक ५० एमएमवरच काम करत राहिले, बरोबर आहे, पण ते ३५ एमएम फिल्मच्या लायका कॅमेऱ्यावर, म्हणजे आजच्या भाषेत फुल फ्रेम, त्या फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर. आणि त्यांनी १९४८ मध्ये इथे येऊन काढलेले गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो बघा, मागचं काही धूसर करायच्या फंदात पडलेले दिसत नाहीत, मागची माणसं हाच तर फोटो आहे. आपण तीच ५० एमएम घेतो, क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या बॉडीवर लावतो, निकॉनवर ती ७५ सारखी वागते आणि कॅननवर ८० सारखी, आणि मग घरातल्या बारशाला मागे सरकता सरकता पाठ भिंतीला टेकते. दहा फुटांवरून कॅमेरा उभा धरला तरी मोठा माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावत नाही. मग "प्राइम लेन्स इनडोअरला बेकार" असा निकाल. (प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स, फिफ्टी तशीच.)

फोटोग्राफर स्टीव्ह मॅक्करीची ती हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी, १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत काढलेली, ती निकॉनच्या १०५ एमएम एफ २.५ वर. ती लेन्स पोर्ट्रेटवाल्यांना का आवडायची, तर चेहऱ्याची चौकट भरायला दोन पावलं मागे उभं राहावं लागतं आणि तेवढ्या अंतरावरून नाक नाकाएवढंच दिसतं. खेळ अंतराचा आहे. २४ एमएम घेऊन माणसाच्या तोंडात घुसलात तर नाक बटाट्याएवढं येणार, त्यात लेन्सची काय चूक?

माझी सवय सांगतो. नवीन लेन्स घ्यायची खाज सुटली की लाइटरूममध्ये, म्हणजे फोटो साठवायच्या-सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये जायचं, आधीच्या वर्षभराचे फोटो फोकल लेंथप्रमाणे फिल्टर करायचे आणि कुठे गर्दी आहे ते बघायचं. १८-५५ किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत येणारी झूम) तुमचे निम्मे फोटो १८ ला असतील तर तुम्हाला फिफ्टी आवडणारच नाही, तुम्ही वाइडवाले, रुंद दृश्य घेणारे आहात. सगळे ३५ च्या आसपास असतील तर निकॉनची ३५ एमएम एफ १.८ डीएक्स आहे, २००९ ला आलेली, क्रॉपवर साधारण फुल फ्रेमच्या फिफ्टीसारखी दिसते, कॅननवाल्यांनी २४ एमएमची पॅनकेक, म्हणजे चपटी लेन्स, बघावी. हे करायला फुकट आहे आणि अर्धा तास लागतो, पण नाही, अर्धा तास रील बघतील आणि "या एका लेन्सने तुमचे फोटो बदलतील" यावर विश्वास ठेवतील. किट लेन्सला नावं ठेवणाऱ्या माणसाने किट लेन्स एफ ८ ला, ट्रायपॉडवर, सकाळच्या उन्हात कधी वापरलेलीच नसते हे माझं ठाम मत आहे.

एफ १.८ ला लेन्स खिळवून ठेवणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे इथे जरा जास्त बोलणार.

लग्नाच्या कामाला माझ्याबरोबर एक मुलगा यायचा, चांगला होता, हात स्थिर, लाइट कळायचा, पण अपर्चर एफ १.८ पेक्षा बारीक करणं, म्हणजे ५.६ किंवा ८ ला जाणं त्याला कमीपणाचं वाटायचं. "दादा पैसे १.८ चे दिलेत ना मग." एका लग्नात मी वरातीकडे अडकलो होतो आणि मुलीकडच्यांचा फॅमिली ग्रुप त्याने घेतला. पुढे पोरं जमिनीवर, मध्ये सोफ्यावर नवरा-नवरी आणि आई-वडील, मागे काका, मामा, मावश्या उभ्या. फुल फ्रेम बॉडी, फिफ्टी, अंतर साधारण चार मीटर, फोकस नवरीच्या डोळ्यावर, अपर्चर अर्थातच १.८. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं झकास. अल्बम मोठ्या साइजमध्ये छापून गेला आणि दोन दिवसांत मामांचा फोन आला, मामा म्हणजे खास नागपूरहून आलेले, नवीन जॅकेट शिवलेलं आणि हॉलचे पैसे भरलेले. "अहो, सगळ्या फोटोत माझंच तोंड पुसल्यासारखं का आहे? मी काय भूत आहे का?"

आता हिशोब बघा. ५० एमएम, फुल फ्रेम, चार मीटर, एफ १.८ ला शार्प पट्टा मिळतो जेमतेम ७० सेंटीमीटरचा, त्यातला अर्धा फोकसच्या पुढे आणि अर्धा मागे. मामा नवरीच्या मागे एक मीटरवर, सोफ्याच्या पाठीपलीकडे. ते शार्प येणार कुठून? तोच फोटो ५.६ ला घेतला असता तर पट्टा दोन मीटरच्या वर गेला असता, ८ ला साडेतीनच्या आसपास. फ्लॅश होता, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवता येत होता, काही अडचण नव्हती.

पुढची गंमत अशी की त्या पोराने गुपचूप ती फाइल एका एआय सॉफ्टवेअरमधून काढली, चेहरा "शार्प" झाला, पुन्हा प्रिंट पाठवली. मामांना समोरचा एक दात नाही. सॉफ्टवेअरने बत्तिशी पूर्ण करून दिली. मामींनी फोटो बघून "हे कोण?" विचारलं म्हणे. शेवटी ते पान बदलून, त्या पानावर हळदीचा दुसरा फोटो टाकून प्रकरण मिटवलं, खर्च माझ्या खिशातून.

मी काय करतो: एक माणूस असेल तर २ किंवा २.२, दोघं असतील तर २.८ आणि दोघांना एका रेषेत उभं करतो, एका रांगेला ४, दोन-तीन रांगा असतील तर सरळ ८, आणि फोकस सगळ्यात पुढच्या रांगेवर न करता मधल्या रांगेच्या पुढच्या माणसावर. फोटो काढल्यावर स्क्रीनवर झूम करून मागच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या माणसाचा डोळा बघायचा, मधल्या माणसाचा नाही. हे काही पुस्तकातलं नाही, सवय आहे. बॅकग्राउंड ब्लर हवाच असेल तर माणसाला भिंतीपासून दहा फूट पुढे ओढा, ४ ला पण मस्त येतो.

आणि जवळून काढताना तर अजून बेकार. क्रॉप बॉडीवर फिफ्टी, एक मीटर अंतर, एफ १.८: पट्टा तीन सेंटीमीटरपेक्षा कमी. मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस लॉक केला, मग कॅमेरा तिरका करून फ्रेम जुळवली, तेवढ्यात स्वतः थोडे पुढे झुकलात, झालं, झुमकं शार्प. सुरुवातीच्या झुमक्याचं रहस्य हेच. फोकस पॉइंट डोळ्यावर सरकवायला शिका, दोन बटणं दाबायचा कंटाळा करू नका, मिररलेसवाल्यांनी आय डिटेक्ट, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः डोळा शोधून फोकस करायची सोय, चालू ठेवा. "लेन्सला बॅक फोकस आहे", म्हणजे फोकस हव्या जागेच्या मागे पडतो, हे म्हणायच्या आधी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून तिरक्या धरलेल्या मोजपट्टीवर टेस्ट करा. मोजपट्टीवर फोकस बरोबर येत असेल तर बॅक फोकस तुमच्यात आहे.

पटकन सांगायच्या गोष्टी

फिफ्टीच्या स्वस्त लेन्सेसना स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरायची सोय, नसतं. क्रॉपवर शटर १/८० सेकंदाच्या खाली नेऊ नका, पोरं धावत असतील तर १/२५० ला पण घाबरत घाबरतच.

हूड (लेन्सच्या पुढे लावायचा, बाजूचा उजेड अडवणारा कडा) उलटा लावून शूट करणारे. काय बोलावं. तो तसा फक्त बॅगेत ठेवायला असतो.

लाखाच्या लेन्सवर तीनशे रुपयांचा यूव्ही फिल्टर लावून दिवाळीत पणत्यांचे फोटो काढायचे आणि मग आकाशात हिरव्या पणत्या तरंगताना दिसल्या की लेन्स बदलायला निघायचं. रात्री फिल्टर काढा. काच वाचवायला मी हूडच वापरतो.

शर्टच्या टोकाने लेन्स पुसणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याला माझी लेन्स देत नाही एवढंच.

एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढायचा आणि समोरची काच धुकट झाली की पुसत बसायचं, त्यापेक्षा बॅग बंदच ठेवून अर्धा तास चहा प्या.

जेजुरीला सोमवतीला जाणार असाल तर घरूनच ठरवा कुठली लेन्स लावायची, आणि तिथे बदलू नका. भंडारा पिठापेक्षा बारीक असतो. वर झूम करताना लांब होणारी लेन्स असेल तर ती प्रत्येक वेळी हवा आत ओढते आणि त्या हवेबरोबर हळद. झूम रिंगच्या खाचेत पिवळं भरतं, ते आधी ब्लोअरने, मग मऊ ब्रशने काढायचं, ओल्या फडक्याला हात लावायचा नाही, नाहीतर लेप तयार. मी तिथे ३५ ची प्राइम लावतो, मागे कॅमेऱ्यापर्यंत साधी प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांधतो आणि पायाने झूम करतो.

फंगस (बुरशी), म्हणजे आपल्याकडचा खरा शत्रू

चिपळूणकडचा एक ओळखीचा, कामापुरती ७०-२०० एफ २.८ घेतलेली, जिवापाड जपायचा. पावसाळ्यात काम नसतं म्हणून त्याने ती चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात, बायकोच्या पैठण्यांच्या खाली ठेवली, आणि वास येऊ नये म्हणून वर डांबरगोळ्या. गणपतीला काढली. आरतीच्या फोटोत प्रत्येक दिव्याभोवती वलय, काळा रंग राखाडी, मला म्हणाला, "दादा, बॉडी गेली वाटतं, सेन्सर जुना झाला." मी म्हटलं बॉडी राहू दे, लेन्स आण आणि मोबाइलचा टॉर्च लाव.

हे प्रत्येकाने करून बघा. लेन्स कॅमेऱ्यातून काढायची, अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने टॉर्च तिरका मारायचा आणि पुढून बघायचं. त्याच्या लेन्समध्ये आतल्या काचेवर कडेपासून मधे पसरलेली पांढरी बारीक जाळी, फाटे फुटलेली, आणि बाहेरच्या काचेवर एक पातळ पांढुरकी साय. जाळी म्हणजे फंगस, साय म्हणजे डांबरगोळीच्या वाफेचा थर. थर पुसून गेला. फंगस सर्व्हिसवाल्याने लेन्स खोलून साफ केली, पण ती वाढताना आम्ल सोडते आणि काचेवरचं कोटिंग खाते, त्यामुळे जाळी गेली तरी तिचे ठसे राहिले. समोरून लाइट आला की अजूनही दिसतात. लेन्स नंतर पडेल भावात विकली.

चामडं ओल धरतं, बंद कपाटात हवा हलत नाही, अंधार असतो, फंगसला अजून काय पाहिजे? हवेतली आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या वर राहिली की धोका सुरू, आणि कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर ती त्याच्या वरच असते. पैसे असतील तर ड्राय कॅबिनेट घ्या, ४५ च्या आसपास ठेवा. नसतील तर रबरी कडेचा घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिक डबा, आत सिलिका जेल आणि दोन-तीनशे रुपयांचा छोटा आर्द्रता मीटर. मीटर घ्याच, अंदाजपंचे नको, आकडा ३० च्या खाली पण नको. सिलिकाचा रंग बदलला की मंद आचेवर वेगळ्या जुन्या तव्यात गरम करायचं, घरच्या पोळ्यांच्या तव्यावर अजिबात नाही, निळ्या दाण्यांमध्ये कोबाल्ट असतं. तांदळात लेन्स ठेवायचा सल्ला देणाऱ्या काकांना नमस्कार करा आणि पुढे चला, तांदळाचा भुगा आत जातो. आणि मुख्य म्हणजे लेन्स वापरा. पावसात काम नसलं तरी रविवारी काढून खिडकीत बसून चार फोटो काढा, हवा लागू द्या.

सेकंडहँड घेताना

मुंबईच्या बोरा बाजारात किंवा कुठेही जुनी लेन्स घ्यायला गेलात तर वरची टॉर्चची टेस्ट तिथेच, दुकानाच्या कोपऱ्यात करा, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी. कॅननची जुनी ५० एमएम एफ १.८ मार्क टू, १९९० पासूनची, माउंट (कॅमेऱ्याला जोडायची कडी) प्लॅस्टिकचा, २०१५ ला आलेल्या एसटीएम नावाच्या नव्या आवृत्तीचा धातूचा. दोघांच्या भावात फार फरक नसेल तर एसटीएमच घ्या, फोकस पण कमी घरघरतो. कॅनन अचानक एरर ०१ दाखवायला लागला तर सर्व्हिस सेंटर गाठायच्या आधी लेन्सच्या मागचे सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बऱ्याचदा तेवढंच असतं.

निकॉनवाल्यांनी जरा जास्त सावध. जुन्या एएफ-डी लेन्स स्वस्त मिळतात आणि काच उत्तम असते, पण त्यांच्यात फोकसची मोटर नसते, ती बॉडीत लागते, आणि डी ३५००, डी ५६०० असल्या बॉडीत ती नाही. एफटीझेड अडॅप्टर (जुन्या लेन्स जोडायचा जोड) लावून निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीवर घातली तरी नाही. म्हणजे फोकस हाताने. जी अक्षरवाली एएफ-एस, म्हणजे मोटर लेन्समध्येच असलेली, घेतलीत तर प्रश्न येत नाही. आणि मोटरवाली बॉडी असून डी लेन्स लावल्यावर स्क्रीनवर एफ-ई-ई असं काहीतरी लुकलुकायला लागलं, शटर पडेना, तर लेन्सवरची अपर्चर रिंग सगळ्यात मोठ्या आकड्यावर, बहुतेक २२ किंवा १६, नेऊन बाजूचा छोटा लॉक सरकवा. अशी एक "बंद पडलेली" ५० डी एका मुलाकडून मी घेणारच होतो अर्ध्या किमतीत, पण आधी त्यालाच रिंग फिरवून दाखवली, मग त्याने विकायचं रद्द केलं.