पायलोकार्पिनचा ड्रॉप: टाकायचा कसा आणि घरच्यांनी लक्ष कशावर ठेवायचं

काचबिंदूसाठी डॉक्टरांनी पायलोकार्पिन लिहून दिलं असेल तर आधी बाटलीवरचा टक्का बघा, १, २ की ४, आणि तो चिठ्ठीशी जुळतो का ते मेडिकलच्या काउंटरवरच बघा, घरी येऊन नाही. आईचे ड्रॉप मीच टाकते, आणि बाटली घेताना कोणीच नीट समजावून सांगत नाही हे बघून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

आधी हे औषध करतं काय ते कळू द्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेला एक बारीक जाळी असते तिच्यातून त्याचा निचरा होतो, निचरा अडला की प्रेशर वाढतं (नॉर्मल साधारण १० ते २१ mmHg), आणि प्रेशरने मागची नस हळूहळू सुकते. जेवढी नजर गेली तेवढी परत येत नाही, म्हणून ड्रॉप चुकवायचा नसतो. पायलोकार्पिन आतला स्नायू आवळतं, त्याने ती जाळी ताणून मोकळी होते, आणि बाहुली लहान झाल्याने बुबुळाची कड अरुंद कोपऱ्यातून (ती जाळी जिथे असते ती जागा) बाजूला ओढली जाते. औषध जुनं आहे, १८७० च्या दशकापासून वापरात. आता रोजच्या काचबिंदूला बहुतेक डॉक्टर दुसरे ड्रॉप आधी देतात, हे जास्त करून कोपरा अरुंद असलेल्यांना किंवा लेसरच्या आधी.

आता टाकायचं कसं. हात साबणाने धुवायचे, आणि आपल्या सोलापुरात हे मी मुद्दाम सांगतेय कारण किती घरात बायका दिवसभर विड्या वळतात, तंबाखूची भुकटी नखात बसलेली असते, नुसत्या पाण्याने ती जात नाही. शेंगाचटणी कुटल्यावर तर विचारूच नका. नखं कापून, साबण लावून, पुसून मगच बाटली हातात घ्या. पेशंटला आडवं करा किंवा मान मागे टाकून बसवा, खालची पापणी बोटाने हलकी ओढली की एक खोबण होते, त्यात एकच थेंब. दोन टाकले तर दुसरा गालावर येतो, डोळ्यात मावतच नाही. बाटलीचं तोंड पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळा अलगद मिटायचा, मिचकवायचा नाही, आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. हे दाबणं लोक सोडून देतात आणि तेच लई महत्त्वाचं आहे बगा, नाहीतर औषध नाकातून घशात उतरतं आणि अंगात भिनतं, मग घाम, तोंडाला पाणी सुटणं, मळमळ, कधी नाडी मंद होणं. दुसरा ड्रॉप असेल तर मध्ये निदान ५ मिनिटं जाऊ द्या. टायमिंग डॉक्टर सांगतील तेच, बऱ्याचदा दिवसातून ४ वेळा असतं कारण एका थेंबाचा परिणाम ४ ते ८ तासच टिकतो.

अर्ध्या तासात बाहुली मोहरीएवढी होते, उजेडात तोंडावर टॉर्च न मारताही दिसतं. याला घाबरू नका, औषध लागू पडतंय. सुरुवातीला भुवईवर आणि कपाळात ठणकतं, आई म्हणायची "भुवई लई ठणकालीय", ते बहुतेकांचं काही दिवसात कमी होतं. लांबचं धूसर दिसतं, तरुण पेशंटला जास्त. आणि अंधारात फारच कमी दिसतं, कारण बाहुली मोठी होऊ शकत नाही. त्यामुळे दिवेलागणीनंतर टू-व्हीलर नको म्हणजे नकोच. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पाळण्याच्या लाइटमधून पार्किंगच्या काळोखात आलं की पेशंटला पुढची पायरी दिसत नाही, हात धरूनच आणा. संडासच्या वाटेवर रात्री बल्ब चालू ठेवा.

डोळ्यासमोर विजा चमकल्यासारख्या वाटल्या, अचानक काळे ठिपके वाढले किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखं झालं तर त्याच दिवशी दाखवा, डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) सुटण्याचा धोका असतो, क्वचित असतो पण असतो. दमा असेल, किंवा डोळ्याच्या आत सूज येऊन गेली असेल, तर औषध सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना सांगायचं.

बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा, महिन्याने टाकून द्या, उरलं तरी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो तेव्हा ती गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या कपाटात ठेवू नका. पायलोचं झाकण बऱ्याचदा गडद हिरवं असतं आणि बाहुली मोठी करणाऱ्या ड्रॉपचं लाल, पण रंगावर जाऊ नका, नाव वाचा, दोन्ही औषधं एकमेकांच्या बरोब्बर उलटी आहेत. अजून एक, २०२४ मध्ये चाळिशीचा चष्मा घालवणारा ड्रॉप म्हणून ज्याच्या बातम्या झाल्या तोही पायलोकार्पिनच होता, १.२५ टक्के, आणि त्याची परवानगी सरकारने नंतर थांबवली. म्हणून आजीची बाटली कोणी वाचायला दिसावं म्हणून वापरू नका.

लेसरने बुबुळाला भोक पाडायचं असेल तर त्याआधी हाच ड्रॉप टाकतात, बुबुळ ताणून पातळ होतं आणि काम सोपं जातं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मात्र आधी बाहुली मोठी लागते, आणि बरीच वर्षं पायलो घेतलेल्यांची ती नीट मोठी होत नाही. कॅम्पमध्ये असो की प्रायव्हेटला, तपासणीलाच बाटली दाखवा, सर्जन त्याप्रमाणे तयारी करतात. लेन्स बसल्यावर गरज पडली तर ते डोळ्याच्या आत बाहुली लहान करणारं औषध सोडतात, अॅसिटाइलकोलीन काही सेकंदात काम करतं पण थोडाच वेळ टिकतं, कार्बाकोलला दोन-पाच मिनिटं लागतात पण परिणाम दिवसभर राहू शकतो. ते ऑपरेशन थिएटरचं इंजेक्शन, घरच्या बाटलीशी त्याचा संबंध नाही. ऑपरेशननंतर जुना पायलो चालू ठेवायचा की बंद, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.

आणि रात्री अचानक डोळा लाल होऊन जबरदस्त दुखायला लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, वर उलट्या, तर पित्त झालं म्हणून गोळी देऊन झोपवू नका. कोपरा एकदम बंद झालेला असू शकतो. घरातला पायलो पुन्हा पुन्हा ओतूनही भागत नाही, प्रेशर फार चढलं की बुबुळाचा स्नायू त्याला दादच देत नाही, आधी सलाइनमधून किंवा गोळीने प्रेशर उतरवावं लागतं. डोळ्याचा डॉक्टर रात्री मिळेल त्या हॉस्पिटलात न्या, नाहीतर सरळ सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत, आणि चालू असलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत टाकून बरोबर घ्या.