ऑस्ट्रेलियाच्या सहलीत दिवस नको, रात्री मोजा

नकाशावर सिडनी ते केर्न्स वीतभर दिसतं, पण विमानाला तीन तास लागतात. देश भारताच्या दुपटीहून मोठा, आणि आपली यादी मेलबर्न, सिडनी, उलुरू (वाळवंटातला प्रचंड लाल खडक), केर्न्स, जमलं तर पर्थ, सगळं १४ दिवसांत!

१. आधी रात्री मोजा. १४ दिवसांच्या १३ रात्री, त्यातल्या दोन जाता-येता विमानात. उरल्या ११.

२. प्रत्येक शहराला तीन रात्री द्या. म्हणजे तीन शहरं, फार तर उलुरूला दोन रात्री. पर्थ सिडनीहून पाच तासांवर आहे. जिवावर आलं तरी खोडा.

३. मुक्काम बदलायच्या दिवशी निम्मा दिवस कोराच ठेवा. सिडनी-मेलबर्न विमान दीड तासाचं, पण हॉटेल सोडणं, विमानतळ गाठणं, बॅगांची वाट पाहणं यात दुपारचे तीन वाजतात.

४. तिकीट काढताना 'मल्टी-सिटी' निवडा : मेलबर्नला उतरा, सिडनीहून परता. मागे फिरण्याचा एक प्रवास वाचतो.

उलुरूसाठी 'एअर्स रॉक' विमानतळाचं तिकीट शोधा. ॲलिस स्प्रिंग्सचं स्वस्त दिसलं म्हणून काढाल, तर पुढे साडेचारशे किलोमीटर रस्ता उरतो.

एक सांभाळा : केर्न्सला स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर ते पहिल्याच दिवशी उरका. डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, त्यामुळे शेवटच्या दिवशी ठेवलंत तर डाइव्ह तरी जाईल नाहीतर विमान.