साइट मोबाइलवर उघडते म्हणजे झालं? या चुका टाळा

साइट बनते लॅपटॉपवर, मालकाला दाखवतात लॅपटॉपवर, मालक ओके म्हणतो तोही लॅपटॉपवरच बघून, आणि गूगल मात्र बघतं मोबाइलवरची साइट. पहिली चूक इथेच होते. मोबाइल-फर्स्ट इंडेक्सिंग, म्हणजे गूगलने साइटची मोबाइलवरची आवृत्ती धरूनच नोंद करणं, २०१६ मध्ये जाहीर झालं, २०१८ पासून हळूहळू लागू झालं, जुलै २०१९ नंतरच्या नव्या साइट्सना तर सुरुवातीपासूनच. म्हणजे डेस्कटॉपवर साइट कितीही भारी दिसू दे, रँकिंगसाठी मोबाइलवर जे आहे तेच धरणार.

आणि म्हणूनच सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जागा कमी म्हणून मोबाइल व्हर्जनमधून मजकूर उडवणं. डिझायनर म्हणतो मोबाइलवर कोण एवढं वाचतं, मग सर्व्हिसची माहिती गेली, नेहमीचे प्रश्न गेले, फोटोंचे ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर) गेले, आणि दोन महिन्यांनी आपण विचारतो रँक का घसरला. अहो, जे काढलं ते गूगलच्या लेखी नाहीच! जागा वाचवायची तर टॅप केल्यावर उघडणारं अकॉर्डियन करा, त्यातला मजकूर गूगल धरतं. फक्त तो पेजमध्ये आधीपासून लोड झालेला हवा, टॅप केल्यावर सर्व्हरवरून येणार असेल तर गूगलचा बॉट काही टॅप करत बसत नाही.

अक्षरं मुंगीएवढी दिसतायत, झूम केल्याशिवाय काही वाचता येत नाही? बहुतेक व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पेज फोनच्या रुंदीत दाखव असं सांगणारी कोडमधली ओळ) राहिलाय. तो नसेल तर फोन पेजला डेस्कटॉपच्या रुंदीचं समजतो आणि आकसून दाखवतो. टॅग आहे पण पेज आडवं सरकतंय, तर एखादा टेबल, मॅप नाहीतर फोटो ठरावीक पिक्सेल रुंदीचा आहे, तो शोधा आणि त्याला कमाल रुंदी १०० टक्के द्या. काही जण आडवं स्क्रोलिंगच बंद करून टाकतात, पण त्याने दुखणं जात नाही, उजवीकडचा मजकूर फक्त कापला जातो. झूम बंद करणं हाही असलाच आगाऊपणा.

स्पीडच्या बाबतीत दहातल्या आठ वेळा फोटोच निघतात असं माझं मत. कॅमेऱ्यातून आला तसाच चार हजार पिक्सेलचा फोटो चढवायचा आणि शिव्या होस्टिंगला घालायच्या! वेबपी हा हलका फोटो फॉरमॅट वापरा, मोबाइलसाठी छोटी साइज वेगळी द्या. पेजवरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा ही गूगलची अपेक्षा. इथे एक गंमत होते, प्लगइन (साइटला जोडलेलं जादा सॉफ्टवेअर) सगळ्याच फोटोंना लेझी लोड (स्क्रोल करत जवळ आल्यावरच फोटो आणणं) लावतं, अगदी वरच्या बॅनरलाही, आणि त्यामुळे तोच उशिरा येतो. बॅनरला त्यातून वगळा. फोटोला रुंदी-उंची लिहिली नसेल तर पेज लोड होताना उड्या मारतं, बोट एका बटणावर आणि क्लिक भलतीकडेच. टॅप केल्यावर पेज अडकतंय, तर चॅट विजेट (कोपऱ्यातली चॅटची खिडकी) आणि न वापरलेली प्लगइन्स आधी काढून बघा.

बटणं साधारण ४८ पिक्सेलची ठेवा. फोन नंबर फोटोत नको, टॅप केला की कॉल लागला पाहिजे. फॉर्मच्या रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की आयफोन तिथे टॅप करताच आपोआप झूम करतो, लोक वैतागतात. आणि पेज उघडताच स्क्रीनभर येणारा पॉपअप काढाच, त्याचा रँकिंगला फटका बसू शकतो हे गूगलने जानेवारी २०१७ पासूनच लागू केलंय.

तपासायचं कशावर? जुने लेख अजून गूगलचं मोबाइल-फ्रेंडली टेस्ट वापरा म्हणतात, ते डिसेंबर २०२३ मध्ये बंद झालं. आता गूगलचं पेजचा वेग तपासणारं पेजस्पीड इनसाइट्स वापरा, आणि साइटमालकांसाठीच्या गूगल सर्च कन्सोलमधल्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये लाइव्ह टेस्ट करून स्क्रीनशॉट बघा. तिथे साइट विस्कटलेली दिसली तर रोबोट्स फाइलमध्ये (बॉटने काय बघायचं नाही ते सांगणारी फाइल) सीएसएस नाहीतर जावास्क्रिप्ट, म्हणजे पेजची मांडणी आणि हालचाल चालवणारा कोड, ब्लॉक झालंय का ते पहा. पेजस्पीडमधल्या १०० स्कोअरच्या मागे मात्र लागू नका, त्यापेक्षा एखादा स्वस्तातला फोन घेऊन मोबाइल डेटावर स्वतःची साइट उघडा आणि फॉर्म भरून पाठवून बघा. आणि दुरुस्ती केल्यावर दुसऱ्या दिवशी वेगाचा रिपोर्ट हिरवा झाला नाही म्हणून परत सगळं बदलायला बसू नका, त्यातला खऱ्या युजर्सचा डेटा मागच्या २८ दिवसांचा असतो.