जुन्या पिकअपची दुरुस्ती आणि सजावट: सुरुवात चासीपासून

वापरलेली पिकअप हाती आली की पहिला मोह होतो तो रुंद टायरांचा, नव्या रंगाचा आणि टपावरच्या दिव्यांचा. तो काही काळ आवरावा. पिकअपची केबिन आणि हौदा हे सहसा एका शिडीवजा पोलादी चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात. केबिनचा पत्रा सडला तर तो कापून बदलता येतो. चासीच सडलेली असेल, तर तिच्यावर केलेला सगळा खर्च पाण्यात जातो.

म्हणून गाडी सपाट व टणक जमिनीवर घेऊन, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावून ती भक्कम स्टँडवर चढवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. चासी पाण्याने स्वच्छ धुऊन वाळू द्यावी आणि लहान हातोडीने ठोकत पुढून मागे जावे. चांगले पोलाद खणखणते, आतून खाल्ले गेलेले बद्द वाजते. मागच्या चाकांवरची चासीची कमान आणि पाट्यांचे (ॲक्सलवरच्या लवचिक पोलादी पट्ट्यांचे) शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणारे हलते दुवे, जिथे अडकवलेले असतात त्या जागा विशेष तपासाव्यात, कारण चाकांनी उडवलेला चिखल तिथेच साचून राहतो. संशयास्पद जागी स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. ते आत गेले तर तो वरवरचा गंज नव्हे. विकण्यापूर्वी नुकताच काळा रंग फासलेली चासी मला तरी गंजलेल्या चासीपेक्षा अधिक संशयास्पद वाटते.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून, गंजरोधक रसायन लावून, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि मग रंग द्यावा. चासीचे पोकळ भाग आतूनही गंजत असल्याने त्यांच्या छिद्रांतून नळीने मेणयुक्त द्रव फवारावा, मात्र पाणी निचरण्याची छिद्रे बुजू देऊ नयेत. भोक पडलेले असेल तर पुटी भरून ते झाकू नये; ते काम अनुभवी वेल्डरचे आहे. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि इंधनाची टाकी व नळ्या ठिणगीपासून सुरक्षित कराव्यात. चासी क्रमांक कोरलेल्या जागेवर ग्राइंडर चालवू नये.

यानंतर ब्रेक. डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. जुन्या गाडीत ते बिनदिक्कत बदलावे. मागच्या ड्रमच्या आत चाकाच्या सिलिंडरमधून गळती आहे का, हे रबरी टोपी किंचित उचलून पाहावे. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. डिफरन्शियलचे (मागच्या ॲक्सलमधील गिअरपेटीचे) ऑइल बदलताना आधी वरचा भरण्याचा नट सुटतो याची खात्री करून मगच खालचा सोडावा, अन्यथा ऑइल रिकामे झालेली गाडी जागेवरच अडकून पडते. बाहेर आलेले ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे, असे समजावे.

पाटे खचलेले असतील तर जाणकाराकडून ते बदलून घ्यावेत. काढलेले यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) पुन्हा वापरू नयेत, कारण आवळताना ते ताणले गेलेले असतात. पाट्यांच्या टोकांत रबरी बुश (बोल्टभोवतीच्या नळ्या) असतील तर शॅकलचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत, नाहीतर बुश कायम पिळलेले राहून लवकर फाटतात. जादा पाटा टाकल्याने गाडी कमी बसते, परंतु तिची मंजूर भारक्षमता वाढत नाही. ब्रेक, ॲक्सल आणि चासी तीच असतात.

हीच गोष्ट सजावटीलाही लागू पडते. कमाल एकूण वजन २,९०० किलो आणि रिकाम्या गाडीचे वजन १,७०० किलो असेल, तर १,२०० किलोंत माणसे, माल आणि तुम्ही बसवलेली प्रत्येक वस्तू आली. लोखंडी बंपर, हौद्यावरचा पिंजरा आणि अवजारांची पेटी मिळून १५० किलो झाली, तर तेवढा माल कमी. गाडी उंच केल्यास गुरुत्वमध्य वर जातो आणि प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची शक्ती मागच्या ॲक्सलकडे नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढून त्याचे जोड झिजतात. टायरचा व्यास ५ टक्क्यांनी वाढवला, तर अचूक वेगमापक ६० दाखवत असताना गाडी ६३ च्या वेगाने धावत असते. आपल्या भागात कोणत्या बदलांना परवानगी लागते, हे खरेदीपूर्वी विचारावे.

हौद्यावर मात्र सढळ हाताने खर्च करावा. वरून ठेवण्याचे प्लास्टिकचे लायनर स्वस्त पडते, पण त्याखाली वाळू व पाणी अडकून रंग घासला जातो. फवारून बसवलेले अस्तर अधिक टिकते. त्याआधी पत्रा घासून खडबडीत केला नाही, तर तेही सालीसारखे निघते.

जादा दिव्यांसाठी वायर थेट स्विचला न जोडता रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत स्विच) वापरावा आणि फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ ठेवावा. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतात; त्यांना १५ अँपिअरचा फ्यूज आणि तेवढा भार सहज पेलणारी वायर द्यावी. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या धारेपासून वायर वाचवणारे कडे) बसवावे. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करावे, हौद्यात नेहमीइतका भार ठेवून हेडलाइटचा झोत खाली आणावा, आणि काही शे किलोमीटर धावल्यावर यू-बोल्ट व चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत.