केबल पुन्हा लावली आणि सिरीयल पोर्ट गायब

एम्बेडेडचं काम, म्हणजे छोट्या कंट्रोलर बोर्डांवर प्रोग्रॅम चालवायचं काम, शिकायला लागले तेव्हा माझे कितीतरी तास सिरीयल पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटर यूएसबी केबलवरून बोर्डाशी बोलतो ती वाट, शोधण्यातच गेले. बोर्ड व्यवस्थित चाललेला असायचा. केबल काढून पुन्हा लावली की प्रोग्रॅम म्हणायचा, पोर्ट सापडत नाही. मग मी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकत बसायचे, आणि दोष बहुतेक वेळा ड्रायव्हरचा नसायचाच.

आधी एवढंच बघा, कॉम्प्युटरला उपकरण दिसतंय का? लिनक्सवर डीमेसेज (dmesg, सिस्टिमचे संदेश दाखवणारी कमांड) चालू ठेवून किंवा विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडून केबल लावा. तिथे काहीच हललं नाही तर सॉफ्टवेअरला हात लावू नका, केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या दोन तारा नसतात. तरीही बोर्डावरचा दिवा लागतो, आणि केबल चांगली आहे असं आपण धरून चालतो. हब असेल तर तोही वगळून बघा.

उपकरण दिसतंय पण प्रोग्रॅमला मिळत नाही, ही खरी मेख. लिनक्सवर पोर्ट उघडा असताना केबल निघाली, तर प्रोग्रॅम जुना पोर्ट धरून बसतो. टीटीवाययूएसबी० (ttyUSB0) हे लिनक्सने पोर्टला दिलेलं नाव मोकळं होत नाही, त्यामुळे तोच बोर्ड परत लावला की टीटीवाययूएसबी१ होतो. प्रोग्रॅम मात्र शून्यावरच वाट बघत राहतो. हे उमगलं त्या दिवसापासून मी आधी सिरीयल मॉनिटर (बोर्डाकडून येणारा मजकूर दाखवणारा प्रोग्रॅम) बंद करते आणि मगच केबल काढते. कोणी पोर्ट अडवलाय हे एलएसओएफ (lsof) ही कमांड सांगते. स्वतःच्या कोडमध्ये वाचताना एरर आली की पोर्ट बंद करा, क्षणभर थांबा, मग नव्याने उघडा.

क्रमांकावर विसंबूच नका. लिनक्स ‘डेव्ह’मधल्या ‘सिरीयल’ फोल्डरातल्या ‘बाय-आयडी’मध्ये (/dev/serial/by-id) उपकरणाचं कायमचं नाव ठेवतं, ते वापरा. बऱ्याच बोर्डांवर यूएसबी आणि सिरीयल जोडणारी सीएच३४० (CH340) चिप असते; तिला सहसा स्वतःचा सिरीयल नंबर नसतो, म्हणून तसे दोन बोर्ड असतील तर ‘बाय-पाथ’ बरा, तिथलं नाव बोर्ड कोणत्या यूएसबी जागेला लावलाय त्यावरून ठरतं. विंडोजवरही असा बोर्ड दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावला की कॉम क्रमांक (COM3 सारखं विंडोजचं पोर्टचं नाव) बदलू शकतो.

उबुंटू २२.०४ वर मला आणखी एक गोष्ट भेटली. पोर्ट येतो आणि लगेच जातो. ब्रेल डिस्प्ले चालवणारी बीआरएलटीटी ही सेवा सीएच३४० बोर्डाला ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घेते. डीमेसेजमध्ये तिचं नाव स्पष्ट दिसतं. पुष्कळ जण ती सरळ काढून टाकायला सांगतात. पण त्या कॉम्प्युटरवर कुणी ब्रेल वापरत असेल तर तसं अजिबात करू नका, फक्त त्या चिपचा यूडेव्ह नियम (उपकरण लावल्यावर काय करायचं ते लिनक्सला सांगणारा) बंद करा.

आणि ‘परमिशन डिनाइड’ दिसलं तर पोर्ट सापडलेला आहे, फक्त तो वापरायची तुम्हाला परवानगी नाही. उबुंटूवर स्वतःला ती परवानगी असलेल्या डायलआउट (dialout) ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या.